कॅन्टीनमधलं भांडण आणि पर्मनंटची यादी

प्रश्न: मी नागपूरजवळ बुटीबोरीतल्या एका कारखान्यात पॅकिंग विभागाची शिफ्ट इन्चार्ज आहे. माझ्याकडे 38 माणसं आहेत, त्यातले 14 पर्मनंट, बाकीचे ठेकेदाराचे. गेल्या महिन्यात कॅन्टीनमध्ये आरक्षणावरून वाद झाला. एक जुना ऑपरेटर दुसऱ्या तितक्याच जुन्या ऑपरेटरला म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्हाला सगळं फुकटच मिळते." त्या दिवसापासून शिफ्ट बदलताना दोघं समोरासमोर चार्ज देत नाहीत, रजिस्टरमध्ये दोन ओळी खरडून निघून जातात. वरच्या साहेबांनी नोटीस लावली की आवारात राजकारण, जात, धर्म यावर कुणी बोलायचं नाही. ग्रुपवर मात्र रोज काहीतरी येतंच. बोलणंच बंद करणं हा उपाय बरोबर आहे का? मी काय करू?

उत्तर: ताई, ती नोटीस काढून घ्यायला सांगा, पण लगेच उद्या नको. आधी ज्याला ते वाक्य ऐकून घ्यावं लागलं त्याच्याशी बोला. मग ज्याने उच्चारलं त्याच्याशी. मग तुमच्या प्लान्टमध्ये गेल्या तीन-चार महिन्यांत काय काय घडलं ते तारखांसकट कागदावर मांडा. नोटिशीचा विषय त्यानंतर. हा क्रम मी का सांगतोय ते सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः एकदा हेच सगळं उलट्या क्रमाने केलं होतं आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

मी 27 वर्षं कामगार कल्याण अधिकारी आहे, आधी हिंगणा एमआयडीसीत आणि नंतर बुटीबोरीत. तुमच्याकडे लागली तशीच नोटीस मी एका लोकसभा निवडणुकीच्या आधी लावली होती. आठवडाभर कॅन्टीन शांत झालं आणि मला वाटलं, जमलं. प्रत्यक्षात बोलणं गेटबाहेरच्या टपऱ्यांवर गेलं होतं. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटून मिळेपर्यंत जी पाच-सात मिनिटं जातात, त्यात सगळं बोलून होतं. फरक एवढाच पडला की कॅन्टीनच्या टेबलावर समोर दुसऱ्या विचाराचा माणूस बसलेला असायचा, त्याचं तोंड बघून माणूस दोन शब्द गिळायचा. टपरीवर आपलीच माणसं. तिथे गिळायचं कारण उरलं नाही. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दोन महिन्यांनी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आजकाल इंदोऱ्याले चढनारे मांगं बसतेत अन् मेडिकल चौकात चढनारे समोर. कोनी कोनाशी बोलत नाही." तोपर्यंत एका मशीनवर काम करणाऱ्या दोघांचा एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाण्याचा रिवाज मोडला होता.

तशी बंदी नागपुरात चालतही नाही. विजयादशमीचंच घ्या. 1925 साली त्याच दिवशी इथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला, त्या वर्षीच्या विजयादशमीला, बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी एकाच लाइनवरचा एक माणूस रेशीमबागेला संघाच्या कार्यक्रमाला जातो, दुसरा घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर, तिसरा मशीनला झेंडूचं तोरण बांधतो. 1 मे आला की कुणाचा महाराष्ट्र दिन, कुणाचा कामगार दिन, आणि वेगळा विदर्भ मागणाऱ्यांचा काळा दिवस. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की सीताबर्डीच्या आसपास रोज मोर्चे, आणि तुमच्या 38 पैकी दोघा-चौघांच्या घरचं कुणीतरी त्या मोर्चात असणारच. अशा गावात "विषय काढू नका" म्हणणं म्हणजे माणसाला अर्धा गेटबाहेर ठेवून आत ये म्हणणं.

माझे वडील एम्प्रेस मिल या इथल्या कापड गिरणीत होते. 1877 साली सुरू झालेली ती मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली. ते सांगायचे की जेवणाच्या सुट्टीत एकजण पेपर मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे डबा खाता खाता भांडायचे. भोंगा झाला की तीच माणसं साच्यांवर. ते भांडण कुणी मिटवत नव्हतं आणि ते मिटवायची गरजही नव्हती.

आता तुमच्याकडच्या त्या वाक्याकडे येतो. "आरक्षणाची मर्यादा 50 टक्क्यांच्या वर जाऊ नये" हे मत आहे. "मर्यादा उठवली पाहिजे" हेही मत आहे. त्यावर तासभर वाद झाला तरी मी मध्ये पडणार नाही. "तुम्हाला सगळं फुकटच मिळते" हे मत नाही. ते समोर बसलेल्या माणसाच्या आयुष्याबद्दल सगळ्यांदेखत दिलेलं सर्टिफिकेट आहे. त्याची बारा-पंधरा वर्षांची नोकरी, नाइट शिफ्टा, बोटाला लागलेलं सीलिंग मशीन, सगळं एका वाक्यात खोटं ठरवलं. शिफ्ट इन्चार्ज म्हणून तुम्हाला राखायची आहे ती हीच रेघ. मुद्द्यावर बोलणं आणि माणसावर बोलणं यांतली.

आणि वस्तुस्थिती काय आहे ते बघा. घटनेच्या कलम 16 मधली नोकरीतली आरक्षणाची तरतूद सरकारी नोकऱ्यांसाठी आहे. खाजगी कारखान्यात भरतीला आरक्षण लागू नाही. तुमच्या 14 पर्मनंट माणसांपैकी एकही आरक्षणातून आलेला नाही. ज्या टेबलावर भांडण झालं, त्या टेबलावरची एकही नोकरी त्या भांडणात नव्हती. हे कुणीतरी तिथे शांतपणे सांगायला हवं होतं.

आकडेही बहुतेकांना माहीत नसतात. राज्यात अनुसूचित जातींना 13 टक्के, अनुसूचित जमातींना 7, ओबीसींना 19, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 11, विशेष मागास प्रवर्गाला 2. हे झाले 52. त्यावर आर्थिक दुर्बल घटकांना 10 आणि 2024 च्या कायद्याने मराठा समाजाला 10. सर्वोच्च न्यायालयाने 50 टक्क्यांची मर्यादा 1992 मध्ये सांगितली, 2021 मध्ये मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा रद्द केला आणि 2022 मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण कायम ठेवलं. हैदराबाद गॅझेटच्या जुन्या नोंदींवरून मराठा समाजातल्यांना कुणबी दाखले देण्याबद्दलचा 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय आल्यावर विदर्भातल्या ओबीसी घरांमध्ये आपलं कमी होईल ही धास्ती बसली. त्याच सुमारास नागपूरच्या संविधान चौकात ओबीसींचं साखळी उपोषणही झालं. तुमच्या कॅन्टीनमध्ये हे सगळं जेवणाच्या डब्याबरोबर येतं. आकडे सांगितले की राग जातो असा माझा अनुभव नाही. पण आकडे टेबलावर आले की बोलणं निदान आरक्षणावर राहतं, शेजारच्या माणसावर घसरत नाही.

पण खरं सांगू? अशी बरीच भांडणं मुळात ज्या विषयावर दिसतात त्या विषयाची नसतात.

हिंगण्याला असताना आमच्याकडे दोन फिटर होते. दहा वर्षं एका बाकावर जेवलेले. एक दिवस हेच झालं, जवळजवळ हेच शब्द. मी तीन आठवडे दोघांना समजावत राहिलो. एकोपा, बंधुभाव, आपण सगळे एक कुटुंब. दोघंही मान हलवायचे आणि बाहेर गेले की तसेच. मग एका नाइट शिफ्टला, कंप्रेसरजवळ उभे असताना, पहिला फिटर आपणहून बोलला, "साहेब, सात जन पर्मनंट झाले. माह्यं नाव काहून नाही?"

तीन आठवडे मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्या आधीच्या महिन्यात सात जणांची यादी बोर्डावर लागली होती. नुसती नावं. का घेतलं, कशावर घेतलं, काही नाही. दुसऱ्या फिटरचं नाव त्यात होतं. पहिल्याने आपल्या मनाने हिशेब लावला की याला कुणीतरी आतून उचललं असणार, आणि "कुणीतरी" म्हणजे कोण हे त्याने आडनावावरून ठरवलं. त्याच आठवड्यात टीव्हीवर आरक्षणाची बातमी चालू होती. शब्द तिथून उचलले, राग यादीचा होता.

मी व्यवस्थापनाकडे गेलो आणि निकष बोर्डावर लावायला लावले. सेवेची वर्षं किती, हजेरी किती, ट्रेड टेस्टचे गुण किती, प्रत्येकाच्या नावापुढे. पहिला फिटर नवव्या नंबरवर होता, हजेरीत मागे पडला होता. तो बोर्ड वाचून तो खूश झाला नाही. तो सरळ माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला की आईच्या आजारपणात मेयो हॉस्पिटलमध्ये काढलेले दिवस गैरहजेरीत का धरले. राग आता माझ्यावर होता, आणि तो यायला हवा होता तिथेच आला होता. त्या दिवसांचा प्रश्न मी पुढे लढवला, पण पुढच्या वर्षी त्याचं नाव लागेपर्यंत मला कारण द्यावं लागलं, त्याच्या मित्राला नाही. दोघं महिन्याभरात पुन्हा एका बाकावर जेवायला लागले. त्या महिन्यात मी त्यांना एकोप्याचा एक शब्दही बोललो नव्हतो.

म्हणून तुम्हाला विचारतो. भांडणाच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत तुमच्याकडे काय झालं? कुणी पर्मनंट झालं का? ओव्हरटाइम एकाच गटाला जातोय का? कुणाची शिफ्ट बदलली? ठेकेदार बदलला का? 24 माणसं ठेक्याची आहेत म्हणजे उद्याची खात्री नसलेली 24 माणसं. त्यातच 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने 29 कायदे त्यात गेले, आणि कॅन्टीनमध्ये रोज नवी आवई. "आता बारा तास ड्युटी." "आता वर्षभरात ग्रॅच्युइटी." "आता कधीही काढून टाकतील." प्रत्येक वाक्यात थोडं खरं असतं आणि बाकीचं भीतीचं.

निदान एवढं त्यांना कुणीतरी नीट सांगा. ग्रॅच्युइटी एका वर्षाने मिळते ती ठरावीक मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्यांना, ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाला आपोआप नाही. नियुक्तीपत्र प्रत्येकाला मिळालंच पाहिजे, ते तुमच्या ठेक्याच्या माणसांना मिळालं का ते बघा. कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी घ्यायची अट पूर्वी 100 कामगारांपासून होती, ती आता 300 पासून आहे. ही भीती पोकळ नाही, तिला पोकळ म्हणू नका. दिवसाच्या कमाल तासांची मर्यादा 9 वरून 12 करण्याच्या बदलाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. त्यात जादा तासांसाठी कामगाराची लेखी संमती लागते, हे अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. एक तास काढा, कामगार कायद्याचा जाणकार माणूस बोलवा, प्रश्न चिठ्ठीवर घ्या. तोंडी विचारायला सांगितलं तर ठेक्याचा माणूस हात वर करणार नाही.

आता दोघांशी बोलायचं कसं.

ज्याला ते वाक्य लागलं त्याच्याशी आधी, एकट्याने, केबिनमध्ये न बोलावता. केबिनमध्ये बोलावलं की चौकशी होते. शिफ्टच्या आधी, पार्किंगमध्ये किंवा चहाच्या वेळी बाजूला. "सोडून दे", "त्याच्या मनात तसं नव्हतं", "तू मोठा आहेस" यातलं काही म्हणायचं नाही. तो आयुष्यभर हे ऐकत आलेला असतो. एवढंच म्हणा: "त्या दिवशी जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. मी लगेच बोलायला हवं होतं. तुम्हाला काय व्हावं असं वाटतं?" मग गप्प बसा. उत्तराला वेळ लागू शकतो. एकदा एक माणूस मला तिसऱ्या दिवशी येऊन बोलला.

त्याला लेखी तक्रार करायची असेल तर घ्या, पोच द्या, तडजोडीसाठी गळ घालू नका. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणं हा गुन्हा आहे. तुमच्याकडचं वाक्य त्यात बसतं की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही आणि माझंही नाही. त्या कायद्याची भीती घालून दुसऱ्याला गप्प करू नका, आणि "केस करू नको, नाव खराब होईल" असं यालाही म्हणू नका. त्याचा हक्क आहे, निर्णय त्याचा. (असं वाक्य एखाद्या बाईबद्दल, लैंगिक अर्थाचं असतं तर ते कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे गेलं असतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ती समिती हवीच, आणि तक्रारीला तीन महिन्यांची मुदत. तुमच्या बोर्डावर त्या समितीची नावं लावलेली आहेत का, तेही बघून घ्या.)

दुसऱ्याशी बोलताना त्याला त्याचं वाक्य जसंच्या तसं ऐकवा. गोल करून "तू काहीतरी बोललास" म्हटलं की तो "मी तर जनरल बोललो" म्हणून सुटतो. "तुम्हाला सगळं फुकटच मिळते, यातलं 'तुम्हाला' म्हणजे कोण? त्याला काय फुकट मिळालं ते मला सांग." बहुतेक वेळा इथे माणूस अडतो. अडला की त्याला आणखी कोंडीत धरू नका. विचारा, "तुझं स्वतःचं काय चाललंय?" मुलाचा इंजिनिअरिंगचा नंबर लागला नसेल, पगारवाढ अडली असेल, वडिलांची शेती कर्जात असेल. ते ऐकून घ्या. त्याने ते वाक्य माफ होत नाही, हेही त्याला सांगा. माफी मागायची तर कुठे आणि कुणासमोर, हे ज्याला लागलं त्याला विचारून ठरवा. माझ्या अनुभवात वाक्य जिथे उच्चारलं तिथेच मागितलेली माफी टिकते. साहेबाच्या केबिनमध्ये हात मिळवलेला फोटोपुरता राहतो.

चार्ज देण्याचा विषय मात्र मनधरणीचा नाही, तिथे कडक व्हा. सीलिंगचं तापमान मधूनच चढतंय, बॅच कोड पुसट येतोय, सकाळपासून अमुक रोल फाटतोय, हे रजिस्टरच्या दोन ओळींत येत नाही. कुणाचा हात भाजेपर्यंत वाट बघू नका. दहा मिनिटं मशीनपाशी उभं राहून, चेकलिस्टवर दोघांच्या सह्या, आणि पहिले पंधरा दिवस तुम्ही स्वतः तिथे. हे सगळ्या जोड्यांना लावा, फक्त या दोघांना नाही. दोघं सुरुवातीला फक्त मशीनचं बोलतील. बोलू द्या. तुटलेलं बोलणं मी कामाच्या बोलण्यातूनच परत येताना पाहिलं आहे.

ग्रुपबद्दल. कंपनीच्या कामाचा ग्रुप असेल तर त्यात शिफ्ट, रजा, बस आणि सुरक्षा एवढंच, आणि पोस्ट फक्त ॲडमिनने करायची. लोकांचा आपापसातला वेगळा ग्रुप असेल तर त्यातून तुम्ही बाहेर पडा. इन्चार्ज आत असली की तिथली प्रत्येक पोस्ट तिला दाखवण्यासाठी किंवा तिच्यापासून लपवण्यासाठी होते.

हे मी 17 मार्च 2025 च्या रात्रीनंतर फार गंभीरपणे घ्यायला लागलो. त्या संध्याकाळी नागपुरातल्या महाल भागात हिंसाचार झाला, रात्री शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली. आमची दुसरी शिफ्ट सुटायची होती. ग्रुपवर मिनिटाला एक व्हिडिओ, त्यातले कितीतरी दुसऱ्या गावचे आणि जुने. मी ग्रुप ॲडमिनपुरता बंद केला आणि तीनच गोष्टी टाकल्या: कोणते रस्ते बंद आहेत, बस कुठपर्यंत जाईल, आणि कोण रात्री प्लान्टमध्ये थांबतंय. 11 जण थांबले, महाल-हंसापुरीकडचे, हिंदूही आणि मुस्लिमही. प्रत्येकाच्या घरी मी स्वतः फोन केला. रमजान चालू होता. कॅन्टीनच्या महाराजांनी कुणी न सांगता पहाटे चारला उठून पोळ्या आणि चहा केला, आणि रोजा नसलेले दोघंही त्यांच्याबरोबर उठून बसले. सकाळी एक मुस्लिम ऑपरेटर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, उद्या येऊ ना?" तो रजेचं विचारत नव्हता. मी म्हटलं, तुमची मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही, या. त्या आठवड्यात मी एकही भाषण दिलं नाही आणि कुणाला शांततेची शपथ घ्यायला लावली नाही. त्या 11 जणांनी जे एकत्र खाल्लं, तेच पुढे कॅन्टीनमध्ये बोललं गेलं.

आता नोटीस. काढायला नुसतं सांगितलं तर साहेब ऐकणार नाहीत, कारण त्यांना वाटेल की तुम्ही भांडणाला मोकळीक मागताय. जागी लावायला दुसरी घेऊन जा. माझ्याकडची अशी होती:

"कॅन्टीनमध्ये कोणत्याही विषयावर बोलता येईल. समोरच्या माणसाची जात, धर्म, गाव किंवा तिचं बाई असणं यावरून बोलायचं नाही. मशीन चालू असताना वाद घालायचा नाही. पक्षाचा प्रचार, पत्रकं आणि सक्तीची वर्गणी आवारात चालणार नाही. हे सगळं अधिकाऱ्यांनाही लागू आहे."

वर्गणीचं वाक्य दसऱ्यामुळे आलं. मशीनपूजेची वर्गणी सगळ्यांकडून घ्यायची पद्धत होती. एका मुलाने दिली नाही आणि त्यावरून त्याला महिनाभर टोमणे खावे लागले. आता देणारे देतात, न देणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि पूजा पूर्वीसारखीच थाटात होते. रजेच्या यादीतही त्या दिवसापुढे दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन, दोन्ही लिहा.

नोटिशीतलं शेवटचं, अधिकाऱ्यांबद्दलचं वाक्य सगळ्यात अवघड आहे आणि तेच सगळ्यात आधी मोडतं. मॅनेजर मीटिंगमध्ये हसत हसत एखाद्या पक्षाबद्दल बोलला की ते मत राहत नाही, खालच्या माणसाला तो इशारा वाटतो. तुमचंही तसंच आहे, ताई. तुमच्या हातात ओव्हरटाइमची यादी आहे. तुमचं राजकीय मत जरूर असावं, पण शिफ्टमध्ये ते कुणाला कळू नये असं मला मनापासून वाटतं. मतदानाच्या दिवशी मात्र पगारी सुट्टी सगळ्यांना मिळतेय ना, हे स्वतः लक्ष घालून बघा. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ती आहे, ठेक्याच्या आणि रोजंदारीच्या माणसालाही. (तुमच्या घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत, 1979 चे वर्तणूक नियम. ते बुटीबोरीला लावू नका.)

आणखी एक गोष्ट करून बघा, ती अस्सल नागपूरची आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावातली इडापिडा घेऊन जाणारे पुतळे, मिरवणुकीने निघतात, तेव्हा सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे चालू प्रश्नांवरच्या पुतळ्यांवर, लोक काय काय लिहितात ते तुम्ही पाहिलंच असेल. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, सगळं "घेऊन जा गे मारबत". शंभराहून जास्त वर्षं हे गाव चालू प्रश्नांवर असं रस्त्यात उभं राहून बोलत आलं आहे. एका वर्षी मी कॅन्टीनमध्ये रिकामा फळा ठेवला, वर "घेऊन जा गे मारबत" लिहिलं आणि खाली खडू. नाव लिहायचं नाही, माणसाचं नाव घ्यायचं नाही, एवढीच अट. मला वाटलं होतं, सरकारवर लिहितील, पक्षांवर लिहितील. संध्याकाळपर्यंत फळा भरला. पातळ डाळ. तीन नंबरच्या बसची गळकी खिडकी. बायकांच्या बाथरूमची कडी. "ओव्हरटाइम फक्त दोघांनाच." "गेटवर बॅग तपासताना ठेकेदाराच्याच माणसांची तपासणी." त्या शेवटच्या ओळीखाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सहा जणांनी "हो" लिहिलं होतं. कडी त्याच दिवशी बसली. बॅगांचा नियम बदलायला दोन महिने लागले. आधी सगळ्यांचीच तपासणी, मग चिठ्ठी काढून.

तुमच्याकडे 20 च्या वर कामगार आहेत, म्हणजे नव्या संहितेप्रमाणे तक्रार निवारण समिती असायलाच हवी. मालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी, जास्तीत जास्त दहा जण, आणि तक्रारीवर 30 दिवसांत निर्णय. ती कागदावरच असेल तर तिच्यात कोण बसतंय ते विचारा. जेवणाच्या टेबलावर सगळ्यात जास्त बोलणारा आणि सगळ्यात कमी बोलणारा, दोघांनाही तिथे बसवता आलं तर बघा.

सोमवारी पहिल्या शिफ्टला वीस मिनिटं लवकर जा. तो पार्किंगमध्ये गाडी लावत असेल. सुरुवात तिथून करा. आणि पर्मनंटच्या यादीचं काय निघालं ते मला नक्की कळवा.